निम्म्या वाट्याची म्हैस

१२ जानेवारी, सोमवार

आधी घडलं ते क्रमाने. मत नंतर.

१. २ तारखेला, शुक्रवारी, बबन आबा पोलीस ठाण्यात आले. आंदर मावळातल्या एका वाडीतले शेतकरी, वय सत्तरच्या आसपास. हवालदार शेळके यांनी त्यांचं बोलणं टॅबवर रेकॉर्ड केलं.
२. सॉफ्टवेअरने त्यावरून फिर्यादीचा मसुदा लिहिला.
३. मसुदा माझ्याकडे आला; सॉफ्टवेअर कंपनीची तपासनीस म्हणून मी ठाण्यातच बसते. मी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, तीन ठिकाणी दुरुस्ती केली, 'तपासले' दाबलं.
४. शेळकेंनी प्रिंट काढली. आबांनी सही केली.
५. संध्याकाळच्या पाळीत गुन्हा दाखल झाला. म्हैस चोरीचा. आरोपी त्याच वाडीतला नवनाथ, वय तेवीस.
६. आज सकाळी आबा परत आले. "मी चोरी म्हनलोच न्हवतो."
७. मी प्रिंटची प्रत मागून पाहिली. माझ्या तिन्ही दुरुस्त्या तिच्यात नाहीत.
८. खाली 'तपासणी पूर्ण' आणि माझं नाव आहे.

माझ्या स्क्रीनवर मात्र माझा दुरुस्त मसुदा जसाच्या तसा आहे. म्हणजे कागद दोन. एक मी तपासलेला, एक माझ्या नावाचा.

१३ जाने.

रेकॉर्डिंग परत ऐकलं. फरक लिहून ठेवते.

आबा म्हणतात, "म्हस पारूबाईची. म्हंजी तिनं रेडकू आसताना माज्याकडं निम्म्यानं दिलेली. तिच्या पोरानं, नवनाथनं, दावं सोडलं आन नेली. मला इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर मीच सोडून दिली आसती." छापील कागदात: 'माझ्या मालकीची म्हैस नवनाथ याने माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने, स्वतःच्या फायद्याकरिता चोरून नेली.'

आबा म्हणतात, "त्याला हितं बोलवा. चार शब्द सांगा. बाकी काय न्हाई." कागदात: 'तरी माझी त्याच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.'

तिसरं, शेवटचं वाक्य. 'माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' रेकॉर्डिंगमध्ये कोणी काहीही वाचून दाखवत नाही. खुर्ची सरकते, आबा विचारतात, "पानी कुटंय?", आणि संपतं.

पहिली दोन मी आबांच्या शब्दांवर आणली होती. तिसरं काढून टाकलं होतं, बाजूला शेरा: वाचून दाखवल्यावर हाताने लिहावे.

दुपारी शेळकेंना गाठलं. ते मूळचे त्याच भागातले. निम्म्यानं म्हणजे नक्की काय, ते पूर्ण विचारून घेतलं.

"सोपं हाय. रेडकू माझं, चारा-पाणी तुझं. मोठी होऊन गाभण राहिली का चार माणसं बसून किंमत धरतात. ज्याला ठेवायची त्यानं ठेवायची, दुसऱ्याला निम्मे द्यायचे. कागद न्हाई, काय न्हाई."

"तोपर्यंत मालक कोण?"

"दोघं. आमच्याकडं हा प्रश्नच कुणी इचारत न्हाई, मॅडम."

"मग तुम्हाला माहीत होतं, ही चोरी नाही."

"मला म्हाईत होतं की! मी तर पोराला फोन करून बोलवणारच होतो. तेवढ्यात लोणावळ्याला बंदोबस्तावर पाठवलं. न्यू इयरची गर्दी शनिवार-रविवारपर्यंत हटत न्हाई तिथली. मी कागद ट्रेमध्ये ठेवला आणि गेलो."

"आणि प्रिंट काढायच्या आधी काय दाबलंत?"

"'सुधारा' दाबलं. कंपनीच्या पोरानंच शिकवलंय, प्रिंटच्या आधी 'सुधारा' दाबायचं, लाल रेघा जातात."

"त्यानंतर वाचलं नाहीत?"

"तुमी तपासलेलं मी परत वाचायचं? मग तुमी कशाला बसलाय?"



आबांनी सही केली, कारण हवालदाराने वाचलं असेल. हवालदाराने वाचलं नाही, कारण मी वाचलं होतं. संध्याकाळच्या अंमलदाराने गुन्हा नोंदला, कारण खाली आबांची सही होती आणि वर चोरी लिहिलेली होती. एकानेही खोटं काम केलेलं नाही.

१४ जाने. संक्रांत

शेळकेंनी तिळगूळ दिला. "आज तरी माझी चूक काढू नका." मी म्हटलं, उद्या काढते. ते हसले. मी गंमत केली नव्हती.

१५ जाने.

चाचणीच्या फायलीवर 'सुधारा' तपासलं. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलंय, फक्त शुद्धलेखन. तसं नाही. बटण दाबलं की सगळा मजकूर पुन्हा मॉडेलकडे जातो. मॉडेल शिकलंय जुन्या फिर्यादींवर. जे जुन्या फिर्यादींत सापडत नाही ते त्याला चूक वाटतं, जे सगळ्यांत असतं ते राहून गेल्यासारखं वाटतं. पहिलं काढतं, दुसरं घालतं. 'निम्म्या वाट्याने' पहिल्यात. 'वाचून दाखवला' दुसऱ्यात.

आणि ही नवी आवृत्ती माझ्या स्क्रीनवर येतच नाही. थेट प्रिंटरला जाते. खालची 'तपासणी पूर्ण' ओळ तेवढी सोबत जाते.

खात्रीसाठी स्वतः एक मजकूर लिहिला: माझी छत्री मैत्रिणीकडे राहिली आहे, ती तिने आठवणीने परत करावी. 'सुधारा'. आलं: 'माझ्या मालकीची छत्री सदर मैत्रिणीने लबाडीच्या इराद्याने स्वतःच्या फायद्याकरिता नेली असून...'

शेळके मागे उभे राहून वाचत होते. "मैत्रीण कुठं राहते? उचलून आणू का?"

हसले मी. मग ती प्रिंट फाडली. उगाच कुठल्यातरी ट्रेमध्ये जायची.

१६ जाने.

सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही. ते नेहमीचं बोलतं. ठाण्यात म्हैस गेल्याचं सांगायला येणारा माणूस नेहमी काय सांगतो, ते त्याने लिहिलं. बबन आबा काय सांगत होते हा त्याचा विषय नव्हता.

माझा होता.

१९ जाने., सोमवार

साहेबांना भेटले. ठाण्याचे प्रमुख, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेत. ऐकून घेतात, पण ऐकताना दुसरं काहीतरी सही करत असतात. आज पेन खाली ठेवलं.

दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले.

"गुन्हा दाखल झालाय, मॅडम. तो ठाण्यात मागं घेता येत नाही. आता फिर्यादी म्हणाला मी असं बोललोच नव्हतो, तर त्याला विचारतील, मग सही कशाला केलीस? वर लिहिलंय ना, वाचून दाखवलं, बरोबर आहे. म्हातारा खोटी फिर्याद देणारा ठरेल."

"वाचून दाखवलं नव्हतं. ते वाक्य सॉफ्टवेअरने घातलंय."

"हे कोण सांगणार?"

"रेकॉर्डिंग."

"रेकॉर्डिंग किती दिवस राहतं?"

पाच आठवडे. मग सर्व्हरवरून आपोआप पुसलं जातं. २ जानेवारीचं म्हणजे शुक्रवारी ६ फेब्रुवारीला. मला माहीत होतं, पण मोठ्याने म्हटल्यावर वेगळं वाटलं.

"लेखी द्या," साहेब म्हणाले. "लेखी दिलंत तर मी रेकॉर्डिंग राखून ठेवायला सांगू शकतो, कोर्टात जादा अहवाल पाठवू शकतो. तोंडी सांगाल तर मी फक्त चहा पाजू शकतो."

चहा आला. घेतला.

२० जाने.

आमच्या करारात कलम आहे: पोलिसांशी लेखी व्यवहार कंपनीमार्फत. म्हणून आधी निखिलला फोन. तो पुण्यात बसतो, आमच्या सगळ्या तपासनिसांचा प्रमुख. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता.

त्याने सगळं ऐकलं. पटकन समजलं, हे त्याचं चांगलं.

"तुझी आवृत्ती सेव्ह आहे ना? मग तू सेफ आहेस. पुढच्या अपडेटमध्ये बटण काढतो. विषय संपला."

"त्या मुलावर गुन्हा आहे."

"तो पोलिसांनी दाखल केला. आपण मसुदा देतो. मसुदा म्हणजे मसुदा."

"खाली माझं नाव आहे."

"तेच सांगतोय. लेखी दिलंस तर पहिला प्रश्न तुलाच. या एका कागदाबद्दल नाही. तू आजवर तपासलेल्या प्रत्येक कागदाबद्दल. तुला चालेल?"

मग, "मार्चमध्ये करार वाढायचाय. आणखी ठाणी मिळतायत. थोडं डोकं शांत ठेव."

माझं डोकं शांतच असतं. लोक त्याबद्दल तक्रार करतात.

२२ जाने., गुरुवार

नवनाथ आला होता, नोटिशीवर सही करायला. मी त्याला ओळखत नव्हते. दारात उभा राहिला तेव्हा वाटलं कुरिअरवाला.

"तुमचं नाव हाय ना खाली? तपासनी वालं?"

हो म्हटलं.

त्याची रेल्वेत निवड झालीय, ट्रॅकवरच्या कामासाठी. चारित्र्य पडताळणीचा कागद आता ह्याच ठाण्यात येणार. गुन्हा दाखल आहे का, या रकान्यात 'होय' गेलं की मग...

"म्हस आमचीच हाय म्याडम. आईचं म्हननं, पयलं वेत आपल्या दारात व्हावं. मी सकाळचा गेलतो, आबा रानात होते, मी सोडून आनली. सांगायचं ऱ्हायलं. तेवढंच चुकलं. तेबी मी त्यांच्या पाया पडून आलो."

"मी फक्त मजकूर तपासते," मी म्हटलं. हे वाक्य तयार असतं माझं.

"व्हय. मग मजकुरात काय हाय?"

"तुम्ही चोरी केली असं."

"आन तुमी ऐकलेल्यात?"

तपास चालू असलेल्या गुन्ह्यात आरोपीला रेकॉर्डिंगमधलं सांगता येत नाही. नियम बरोबर आहे. तो "बरं" म्हणाला आणि गेला. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं.

२४ जाने.

घरमालकीण मेहरून मावशी, मूळच्या कामशेतच्या, खालच्या मजल्यावर राहतात. रोज जिन्यात एकच प्रश्न: "आज काय खोटं पकडलंस गं?" आज मी म्हटलं, माझंच.

त्यांनी बसवून घेतलं. खिमा-पाव समोर ठेवला. मी नावं न घेता सांगितलं. सांगत नाही सहसा.

"आमच्याकडंबी शेळ्या द्यायचो अशा," त्या म्हणाल्या. "भांडणं व्हायची की. पण कसं, दोन दिस तोंड फिरवायचं, तिसऱ्या दिशी वाटी घेऊन जायचं शेजारी. तुमच्या त्या मशीनला कुणी तिसऱ्या दिसापत्तूर थांबायला शिकवलंय का?"

नाही शिकवलं.

"नोकरी जाईल का तुझी?"

"माहीत नाही."

"खोली सोडू नको त्यापायी. ते आपण बघू."

विषय तिथेच थांबवला. मी थांबवला.

२६ जाने.

ध्वजवंदन. मग रिकामं ठाणं. नोंदींमध्ये 'सुधारा' कुठे कुठे दाबलंय ते दिसतं. ते सगळे मसुदे काढून माझ्या आवृत्तीशेजारी ठेवले.

बहुतेक ठिकाणी काही बिघडलेलं नाही. काही ठिकाणी बिघडलंय. बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर एका बाईंचा मोबाईल गेला. रेकॉर्डिंगमध्ये म्हणतात, "पडला असेल कुठंतरी, मला खात्री नाही." छापील कागदात अज्ञात इसमाने चोरला. त्यात कुणाचं नाव नाही, म्हणून कुणी परत आलं नाही.

आणि 'वाचून दाखवला' प्रत्येकात. मी काढलेलं, प्रत्येकात परत आलेलं.

निखिल बरोबर होता. प्रश्न एका कागदाचा राहत नाही. माझं 'तपासले' ज्या ज्या कागदावर आहे, त्यांतल्या कशावरही विसंबू नका, असं मलाच लिहावं लागेल. दीड वर्षाचं काम.

पान वळवून ठेवलं. नंतर परत उघडलं.

२८ जाने., बुधवार

शेळके वाडीवर चालले होते, म्हशीचा ताबा कुणाकडे द्यायचा ते ठरवायला. चोरीचा माल म्हणजे म्हैस जप्त करून फिर्यादीच्या ताब्यात देणं आलं. मला म्हणाले, "चला, तुमच्या मजकुरातली म्हस तरी बघा." गेले. का गेले, माहीत नाही. आजवर एकाही कागदातली जागा मी पाहिलेली नाही.

डांबरी रस्ता संपल्यावर बराच वेळ मातीचा. भाताची खाचरं मोकळी, कापलेले खुंट तेवढे. एका वळणावर एसटीची वाट बघत दोन बाया बसलेल्या. शेळके ओरडले, "गेली का गाडी?" "कालची का आजची?" त्यांतली एक म्हणाली.

पारूबाईच्या गोठ्यात म्हैस व्यालेली. कालच झालेलं काळं रेडकू, अजून पाय नीट धरत नव्हतं. आणि म्हशीच्या पोटाशी उकिडवे बसून धार काढत होते बबन आबा.

शेळके दारातच थांबले. "हे काय हो आबा?"

"पान्हा सोडंना ती दुसऱ्या कुनाच्या हाताला. चार सालं माज्या दावनीला हुती. दोनी येळा येतो."

"अहो, तुमी फिर्यादी. हा आरोपीचा गोठा."

"मग ती उपाशी ऱ्हाऊ दे का तुमच्या फिर्यादीपायी?" चरवी बाजूला ठेवून ते उठले. पारूबाई मध्येच, "भाऊजी, शेळक्यांना च्या टाकू का दूध देऊ?" "दूध कशाला, म्हस चोरीची हाय," आबा म्हणाले, आणि दोघं हसले. नवनाथ हसला नाही.

शेळके माझ्याकडे वळून हळूच, "फिर्यादी आरोपीच्या गोठ्यात धार काढतोय. लिवा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, बघू काय सुधारतंय."

ताब्याचं विचारलं तर आबांनी झटकून टाकलं. व्यालेली म्हैस हलवायची नसते. शेळकेंनी ती हितंच राहील असं काहीतरी लिहिलं. हाताने.

निघताना आबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "पोरी, माजा आवाज हाय म्हनं तुमच्याकडं भरलेला."

"आहे."

"मग माज्या सहीला काय इचारता? त्यालाच इचारा की."

६ तारखेनंतर तो नसेल, हे मी सांगितलं नाही. परत येताना पूर्ण रस्ताभर तेच.

२९ जाने.

रेकॉर्डिंगची प्रत माझ्याकडे काढून ठेवता येईल. एक मिनिटाचं काम. पण मग ते माझ्याकडचं रेकॉर्डिंग होईल, ठाण्याचं नाही. कोर्टात त्याला कुणी विचारणार नाही आणि मी नियम मोडलेला असेल. नाही काढली.

अर्ज लिहायला घेतला.

३० जाने.

निखिलला अर्जाचा मसुदा पाठवला. कलमाप्रमाणे कंपनीमार्फत जावा म्हणून.

त्याचं उत्तर लगेच: "कायदा विभाग बघेल. साधारण दोन आठवडे."

दोन आठवडे म्हणजे १३ तारीख. मी ६ तारीख ठळक करून परत पाठवलं. त्यावर उत्तर नाही.

३१ जाने.

उत्तर नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

एकटीच वाडीवर गेले, स्कूटीवर. अर्जात आबांचं म्हणणं आहे, तर ते त्यांना वाचून दाखवायला हवं. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य त्याला न दाखवता पुढे पाठवणं, यावरच तर अर्ज आहे. कंपनीने उत्तर दिलेलं नाही, साहेबांनी लेखी मागितलंय.

आबा अंगणात दाव्याला पीळ घालत बसले होते. मी उभ्यानेच वाचायला लागले. "बस की. का कोर्टात हायस?" बसले.

सावकाश वाचलं. ते पीळ घालत ऐकत होते. 'बबन आबा हे रागाच्या भरात ठाण्यात आले व' इथे हात थांबला.

"हे कुनी सांगितलं?"

"काय?"

"राग. मला राग कुटं आलता?"

"तुम्ही एवढ्या लांब चालत, एसटी बदलून ठाण्यात..."

"राग आला आसता तर हितंच कानफटात वाजवली आसती, घरचाच पोरगा हाय. राग न्हवता. वाईट वाटलंतं." परत दावं हातात घेतलं. "रानातनं आलो तर दावं रिकामं. मला वाटलं बिबट्यानं नेली का काय. सांजच्यापत्तूर हिंडलो. मग कुनीतरी सांगितलं, नवनाथनं नेली. लय वाईट वाटलं. घरात सांगायलाबी लाज वाटाया लागली, म्हनून आलतो तुमच्याकडं."

रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलंय. त्यात राग हा शब्द नाही. आवाजही चढलेला नाही. कुठेच नाही. मी तो स्वतः घातला. ठाण्यात येणारा माणूस नेहमी रागावलेला असतो म्हणून.

पेनाने खोडलं. वर लिहिलं: वाईट वाटल्याने. परत पहिल्यापासून वाचलं.

"आता बराबर," आबा म्हणाले. "सही करू का?"

"नको. हा माझा अर्ज आहे. तुम्ही फक्त ऐकायचा होता."

"ऐकला."

मग त्यांच्या समोर, कागद गुडघ्यावर ठेवून, वाचून दाखवल्याच्या दोन ओळी हाताने लिहिल्या. निघताना पारूबाईंनी खरवस दिला, स्टीलच्या डब्यात. डबा परत करायला यावं लागणार.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अर्ज दिला. साहेब रजेवर आहेत, गुरुवारी येणार. आवकमध्ये नोंद करून घेतली, शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे. एक प्रत निखिलला. शेळकेंनी वाचायला मागितला आणि खरंच वाचला, उभ्याने, शेवटपर्यंत. "माझंबी नाव आहे यात." हो म्हटलं. "बटण मीच दाबलं, असं?" हो. कागद परत दिला. "बराबर आहे." संध्याकाळी जाताना टेबलावर एक संत्रं ठेवून गेले.

साहेबांना रजेतही मोबाईलवर फोटो पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्या. बाकी काही नाही.

निखिल: "हे तू करायला नको होतंस. बोलू." कधी, ते नाही.

अर्जाचा शेवट इथे उतरवून ठेवते.

'वरील गुन्ह्यातील छापील फिर्याद मी तपासलेली नाही. मी तपासलेला मसुदा सोबत जोडला आहे. "सुधारा" हे बटण वापरून छापलेल्या इतर सर्व कागदांवरील माझे "तपासणी पूर्ण" हे शब्दही, ते पुन्हा तपासले जाईपर्यंत, ग्राह्य धरू नयेत. बबन आबांचे २ जानेवारीचे रेकॉर्डिंग शुक्रवार, ६ फेब्रुवारी रोजी आपोआप पुसले जाईल. ते राखून ठेवावे, आणि नवनाथ याच्या चारित्र्य पडताळणीचा अहवाल पाठवण्यापूर्वी ऐकावे.

या अर्जातील बबन आबांचे म्हणणे त्यांना रविवार, १ फेब्रुवारी रोजी, त्यांच्या अंगणात मी स्वतः वाचून दाखवले. त्यांनी एक ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

रेकॉर्डिंग राखले की नाही, हे मला बुधवार, ४ फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावे, ही विनंती.'